फसवा, पण नियमात राहून

‘इंडियन सिटी व्हेअर सम स्पन एलिगंटली.’ पुढे कंसात ४, म्हणजे उत्तर चार अक्षरांचं. वाक्य सरळ वाचलं तर डोळ्यांपुढे कसोटी सामना उभा राहतो: काहींनी सुरेख फिरकी टाकली असं भारतातलं एक शहर. चेपॉक आठवतं, बेदी-प्रसन्ना आठवतात, आणि चार अक्षरांत बसणारं मैदान सापडत नाही म्हणून माणूस पुढच्या ओळीकडे वळतो. मुरलेला सोडवणारा कदाचित वेगळ्या खड्ड्यात पडेल. ‘स्पन’ दिसताच त्याला वाटेल, कुठल्या तरी शब्दाची अक्षरं फिरवायची आहेत. खरी मेख ‘सम’ या साध्या शब्दात आहे. सम म्हणजे काही भाग. ‘स्पन एलिगंटली’ हे दोन शब्द रोमन लिपीत शेजारी शेजारी लिहा आणि त्यातला काही भाग घ्या: पहिला एस सोडा, मग पी, यू, एन आणि पुढच्या शब्दाचा पहिला ई. पुणे.

हा क्लू मी या प्रस्तावनेसाठी रचला. तो अवघड नाही, पण ब्रिटिश क्रिप्टिक शब्दकोड्याची सगळी जात त्यात दिसते. प्रत्येक क्लूचे दोन भाग असतात. एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो, इथे ‘इंडियन सिटी’. उरलेल्या शब्दांत तेच उत्तर अक्षरांतून कसं घडवायचं याची कृती असते. अर्थ वाक्याच्या सुरुवातीला येईल किंवा शेवटी, मधे दडवलेला नसतो. दोन वेगळ्या वाटा एकाच शब्दापाशी येऊन मिळतात, आणि त्या मिळाल्या की उत्तर बरोबर आहे का हे कुणालाही विचारावं लागत नाही. आपल्या नेहमीच्या शब्दकोड्यात ‘कमळ’ असं विचारलं तर पंकज लिहावं की अंबुज, हे त्याला छेदून जाणारे उभे शब्द ठरवतात. क्रिप्टिकमधलं उत्तर आपली साक्ष आपणच देतं.

ते तसं असावंच लागतं, कारण ब्रिटिश चौकटीची घडणच तशी आहे. पंधरा बाय पंधरा घरं, आणि चौकट अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी काळी घरं जागच्या जागी. अमेरिकन कोड्यात प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतं. ब्रिटिश कोड्यात साधारण एक आड एक अक्षरच दोन शब्दांना सामाईक असतं. उरलेल्या अक्षरांना बाहेरून आधार नाही. तो आधार क्लूनेच द्यायचा, म्हणून क्लूला दोन पाय.

कृतीचे प्रकार मोजकेच आहेत, आणि ते या पुस्तकात पुढे एकेक करून येतील. इथे ओळखीपुरते दोन-तीन बघू. ‘व्हेइकल विथ फेव्हरिट फ्लोअर कव्हरिंग’, सहा अक्षरं. व्हेइकल म्हणजे कार, फेव्हरिट म्हणजे पेट, दोन्ही जोडले की कार्पेट, आणि जमिनीवर अंथरतात ते तेच. दुसरा प्रकार अक्षरांच्या उलटापालटीचा. तिथे कुठे तरी गोंधळ, मोडतोड, नशा, वादळ किंवा वेडेपणा सुचवणारा शब्द असतो आणि तो म्हणत असतो, शेजारची अक्षरं विस्कटा. कधी एका शब्दाच्या पोटात दुसरा घालायचा असतो, कधी शब्द उलटा वाचायचा असतो, कधी केवळ उच्चारावर जायचं असतं. या सगळ्यांच्या वर एक दुर्मीळ प्रकार आहे, ज्यात संपूर्ण वाक्य एकाच वेळी अर्थही असतं आणि कृतीही. ‘आय’म वन इन्व्हॉल्व्ड विथ कॉस्ट’, नऊ अक्षरं. ‘आय’म वन’ आणि ‘कॉस्ट’ या शब्दांची नऊ अक्षरं एकमेकांत गुंतवली की ‘इकॉनॉमिस्ट’ तयार होतं. आता वाक्य पुन्हा वाचा. खर्चाशी संबंध असलेला मी एक, असं अर्थशास्त्रज्ञच स्वतःबद्दल सांगतो आहे. एकही शब्द फुकट गेलेला नाही. असा क्लू सुटतो तेव्हा उत्तर सापडल्याच्या आनंदापेक्षा, हे कुणाला तरी सुचलं याचा आनंद मोठा असतो.

आणि मग ती प्रसिद्ध लबाडी. ‘फ्लॉवर ऑफ लंडन’, सहा अक्षरं. गुलाब, ट्यूलिप, लिली सगळे करून झाले तरी काही बसत नाही. इंग्रजी ‘फ्लो’ला ‘ईआर’ हा प्रत्यय जोडला की वाहणारा असा अर्थ होतो, आणि लिहिताना तो शब्द हुबेहूब फुलासारखा दिसतो. लंडनमधून वाहणारी ती टेम्स. ‘नंबर’ हाही असाच. संख्या समजून बसाल तर फसाल, कारण बधिर करणारा पदार्थ, उदाहरणार्थ ईथर, हाही त्याच अक्षरांत लिहिला जातो. देवनागरीत हे घडायचं नाही, कारण आपण उच्चाराप्रमाणे लिहितो. इंग्रजीत लिखाण आणि उच्चार यांची फारकत झालेली आहे आणि क्रिप्टिक कोडं त्या फटीतच राहतं. शिवाय रोमन अक्षर सुटं उचलून कुठेही ठेवता येतं. आपलं अक्षर काना-मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं घेऊन येतं आणि विस्कटायला तयार होत नाही. मराठीत शब्दखेळाची उणीव नाही. कूटश्लोकांची परंपरा आपली आहे, आणि ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण लिहिणारे मोरोपंत आपलेच. पण हा विशिष्ट खेळ इंग्रजीच्या अंगातून निघाला आहे, आणि तो तिथेच जाऊन खेळावा असं मला वाटतं. म्हणून हे पुस्तक मराठीत असलं तरी त्यातली कोडी इंग्रजी आहेत.

खेळाचा जन्म मात्र इंग्लंडमधला नव्हे. लिव्हरपूलमध्ये जन्मलेला आर्थर विन हा पत्रकार अमेरिकेत जाऊन ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये काम करत होता. त्या पत्राच्या २१ डिसेंबर १९१३च्या अंकात त्याने हिऱ्याच्या आकाराचं एक कोडं छापलं, आणि आजच्या शब्दकोड्याची वंशावळ तिथून सांगितली जाते. १९२४पर्यंत अमेरिकेला त्याचं अक्षरशः वेड लागलं. त्या वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’ने अमेरिका या खेळाची गुलाम झाली आहे अशा सुरात लेख लिहिला. पुढच्याच वर्षी ‘डेली टेलिग्राफ’ने शब्दकोडं सुरू केलं, आणि १ फेब्रुवारी १९३० रोजी खुद्द ‘टाइम्स’नेही. ते रचायचं काम मिळालं अ‍ॅड्रियन बेल या शेतकरी लेखकाला. त्याने तोवर शब्दकोडं रचलं नव्हतं, सोडवलंही नव्हतं. पुढे त्याने ‘टाइम्स’साठी सुमारे पाच हजार कोडी रचली.

कोड्याला क्रिप्टिक वळण देण्याचं श्रेय मुख्यतः एडवर्ड पॉइस मॅथर्स या कवी-अनुवादकाचं. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये तो १९२६पासून १९३९मध्ये मरेपर्यंत कोडी देत राहिला, आणि टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, स्पेनमध्ये पाखंड्यांचा छळ करणाऱ्या धर्माधिकाऱ्याचं. नावाला तो जागला. त्याची कोडी विद्वत्तेने ठासून भरलेली आणि बेबंद आहेत. साहित्याचे संदर्भ, अर्धवट सूचना, कधी केवळ एक हुंकार. त्याच्यामागून त्याच जागेवर आलेल्या डेरिक मॅकनट या अभिजात भाषांच्या शिक्षकाने झिमेनिस हे नाव घेतलं, तोही स्पेनचा धर्माधिकारी. १९७२पासून आलेल्या तिसऱ्याचं नाव अझेड. इंग्रजी लिपीची दोन टोकं त्यात आहेतच, शिवाय ते उलटं वाचलं तर देझा, म्हणजे पुन्हा एक धर्माधिकारी. टोपणनावातसुद्धा क्लू दडवणारी ही माणसं आहेत.

मला सर्वांत मोलाची वाटते ती झिमेनिसची कामगिरी, आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. त्याच्याआधी अ‍ॅफ्रिट नावाने कोडी रचणाऱ्या रिची याने १९४९मध्ये एक शिस्त मांडली होती: वाचणाऱ्याची दिशाभूल करायची पूर्ण मुभा आहे, पण उत्तरापर्यंत नेणारं सगळं क्लूत स्पष्ट शब्दांत असलं पाहिजे. झिमेनिसने ती शिस्त पुढे नेऊन १९६६च्या आपल्या पुस्तकात तिचे काटेकोर नियम बांधले. ते नियम पुण्याच्या क्लूवर लावून बघू. त्यातला ‘सम’ काढून टाकला, तर शब्दाच्या आत बघा असं सांगणारं काहीच उरत नाही. मग क्लू अवघड होत नाही, अन्यायाचा होतो. ‘स्पन’ आणि ‘एलिगंटली’ यांच्यामध्ये शोभेसाठी ‘क्वाइट’ घातला, तर अक्षरांची साखळी तुटते. शेवटी एखादा जास्तीचा शब्द लटकवला, तर तो तिथे का आहे याचं उत्तर देता येत नाही. प्रत्येक शब्दाला काम हवं आणि ते काम व्याकरणात बसायला हवं. इतक्या बंधनात राहून समोरच्याला चकवायचं, हे खरं कौशल्य. नियम मोडून कुणीही कुणाला फसवू शकतो.

या कायद्याविरुद्ध बंड करणारेही होते, आणि त्यांचा मेरुमणी म्हणजे ‘गार्डियन’चा अरॉकेरिया. रेव्हरंड जॉन ग्रॅहम हे त्याचं खरं नाव, व्यवसायाने धर्मगुरू. १९५८ ते २०१३ अशी पंचावन्न वर्षं त्याने ‘गार्डियन’साठी कोडी रचली. घटस्फोटानंतर चर्चने त्याचं धर्मगुरूपण काढून घेतलं तेव्हा पोटापाण्याचा आधार हीच कोडी झाली. पुढे त्याला पुन्हा धर्मगुरू म्हणून घेण्यात आलं. ‘गेट्सहेड’ या गावाच्या नावातून ‘गेट’चं डोकं म्हणजे जी हे अक्षर काढायला झिमेनिसचे अनुयायी हरकत घेतील, अरॉकेरिया खुशाल काढायचा. नाताळच्या एका भजनाच्या सुरुवातीच्या ओळींतली सगळी अक्षरं मोडून त्याने दुसऱ्या भजनाची आठवण करून देणारं वाक्य उभं केलं, आणि त्या करामतीबद्दल जाणकार अजून बोलतात. जानेवारी २०१३च्या एका कोड्याला त्याने छोटीशी सूचना जोडली. काही क्रमांकांची उत्तरं सापडली की ती सूचना पुरी वाचता येत होती. तिथे येणारे शब्द होते कर्करोग, अन्ननलिका, आणि बरं होण्याची आशा नसताना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे उपचार. आपल्या आजाराची बातमी त्याने आपल्या वाचकांना त्यांच्या नेहमीच्या भाषेत, त्यांच्याच हाताने घरं भरून घेऊन सांगितली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. नियमांच्या बाबतीत मी झिमेनिसच्या बाजूचा आहे आणि नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी असं आग्रहाने सांगेन. पण कोडेकार आणि सोडवणारा यांच्यात काय नातं तयार होऊ शकतं, ते मला अरॉकेरियाच्या त्या एका कोड्याइतकं कशातही दिसलेलं नाही.

युद्धकाळातल्या दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. जानेवारी १९४२मध्ये ‘टेलिग्राफ’ने आपल्या कचेरीत वाचकांना बोलावून बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली. तिथे आलेल्यांपैकी काहींना नंतर युद्ध खात्याचं पत्र आलं, आणि ती माणसं जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या ब्लेचली पार्कमध्ये रुजू झाली. दुसरी गोष्ट १९४४ची. मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्याच दिवशी ‘टेलिग्राफ’च्या कोड्यांत एकामागून एक युटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबरी आणि नेपच्यून ही उत्तरं आली. हे सगळे नॉर्मंडीच्या स्वारीतले गुप्त शब्द, आणि स्वारी व्हायची होती ६ जूनला. गुप्तहेर खात्याने कोडेकार लिओनार्ड डॉ याला गाठलं. तो शाळेचा मुख्याध्यापक होता आणि त्याला खरोखर काही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांनी एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं की मुख्याध्यापक चौकट भरायला मुलांकडून शब्द मागत, आणि मुलं जवळच्या छावणीतल्या सैनिकांच्या तोंडचे शब्द उचलत. पहिली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते, कारण दिसतं त्यापलीकडे वाचायची सवय किती कामाची असते हे तिच्यात आहे.

रोज सोडवणाऱ्यांचं जग या कथांपेक्षा शांत असतं. सकाळची गाडी, चौघडी केलेला पेपर, मागचं पान. कुणी वीस मिनिटांत उठतो, कुणाला संध्याकाळपर्यंत एक कोपरा छळत राहतो. १९३४ साली ‘टाइम्स’च्या पत्रव्यवहारात कुणी लिहिलं की ईटन शाळेचे प्रोव्होस्ट अंडं उकडायला ठेवतात आणि कोडं सुटलं की उतरवतात, आणि त्यांना अंडं कडक आवडत नाही. त्यावर आपल्याकडेही ज्यांचा मोठा वाचकवर्ग आहे त्या वुडहाउसनी, एकाच शब्दापाशी अडून बसणाऱ्यांची बाजू घेऊन पत्र पाठवलं. नवशिक्याने वुडहाउसच्या पंगतीत बसावं. घड्याळ लावून सोडवण्यात मला काही गोडी वाटत नाही. चांगला क्लू घाईत सुटला तर त्यातली कारागिरी बघायची राहून जाते.

मराठी वाचक या खेळापासून दूर राहतो, याचं कारण मला वारंवार ऐकायला मिळतं: आपलं इंग्रजी तेवढं चांगलं नाही. हा गैरसमज आहे आणि तो दूर व्हावा हाच या पुस्तकाचा हेतू. रोजच्या कोड्यातली बहुतेक उत्तरं दहावीच्या मुलाला ठाऊक असलेले शब्द असतात. लागते ती संशयाने वाचायची सवय, प्रत्येक वाक्यात कुठे पाणी मुरतंय ते बघायची. आणि इथे आपल्याकडे एक शिदोरी आहे, जी अमेरिकन सोडवणाऱ्याकडे नसते. क्रिकेट. ‘मेडन’ म्हणजे धावफलकावरचा एम, ‘डक’ म्हणजे शून्य, म्हणून ओ. ‘कॉट’ म्हणजे सी, ‘रन्स’ म्हणजे आर, आणि ‘लेग’ म्हणजे ऑन, कारण मैदानाची ती बाजू. लंडनच्या कोडेकाराने गृहीत धरलेली ही माहिती दादरच्या मैदानावर वाढलेल्या मुलाला शिकवावी लागत नाही. रानी, साडी, घी, नान हे शब्दही तिथे वरचेवर भेटतात, आणि इंग्रजीत मराठीतून गेलेलं मुंगूसही. देशातही ही परंपरा जुनी आहे. ‘द हिंदू’ने १९७१ साली आपलं क्रिप्टिक कोडं सुरू केलं तेव्हा ते रचायला पुढे आले निवृत्त अ‍ॅडमिरल आर. डी. कटारी, भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. जुन्या कोड्यांत बायबल, लॅटिन, विलायती शाळा आणि लंडनच्या क्लबांचं वातावरण दाट आहे. काही संक्षेप केवळ पाठच करावे लागतात: खलाशी म्हटलं की टार, जॅक किंवा ए-बी, क्रांतिकारक म्हटलं की बहुधा चे, जुनं शहर म्हटलं की अर. हा मुलूख फार काळ मोजक्या पुरुषांच्या हातात राहिला आणि ते क्लूंमधल्या बायकांच्या उल्लेखांतही दिसायचं. ‘गार्डियन’मधल्या अ‍ॅराक्नीसारख्या रचनाकार स्त्रियांनी ती हवा बदलली आहे, पण त्यांची संख्या अजून कमी आहे. ती वाढायला हवी. माणसं बदलली की क्लूंतलं जगही बदलतं.

आता कामाचं सांगतो. ‘गार्डियन’चं सोमवारचं कोडं आठवड्यात सर्वांत सौम्य समजलं जातं. ‘टाइम्स’ने २०१४पासून तेरा बाय तेरा घरांचं छोटं क्रिप्टिक सुरू केलं आहे, तेही शिकायला उत्तम. क्लू हाती आला की आधी त्याचं चित्र विसरा. पहिला आणि शेवटचा शब्द बघा, अर्थ त्या दोहोंपैकी एका टोकाला आहे. मग मधल्या शब्दांना एकेक करून विचारा की तू इथे कशाला आलास. विरामचिन्हांवर विश्वास ठेवू नका, ती बहुतेकदा दिशाभूल करायलाच असतात. कंसातला आकडा मात्र कधी खोटं बोलत नाही.

पहिले काही दिवस एकही क्लू सुटणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. त्या दिवसांत दुसऱ्या दिवशी छापलेली उत्तरं घेऊन बसा आणि प्रत्येक उत्तर क्लूमधून कसं निघालं ते शोधा. या पुस्तकाच्या पहिल्या भागातली कोडी त्याच पद्धतीने वाचायची आहेत. उत्तरं मुद्दाम त्याच पानावर दिली आहेत, स्पष्टीकरणं मात्र दिलेली नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक क्लूखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली आहे. ती पेन्सिलने भरा, आणि ती भरल्याखेरीज दुसऱ्या भागाकडे जाऊ नका.